‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणण्याआधी...

थर्टी फर्स्टचे प्लॅन आता तुमच्या ग्रुपवर शिजायला लागले असतील. त्या रात्री कोण किती पिणार यावर पैजा लागतील. पण एखाद्याला जास्त झाली, तर पुढे काय करायचं, हे कुणी ठरवलंय का?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज पडतो, ‘मग, थर्टी फर्स्टला कुठे बसायचं?’ कुणाचा तरी रिकामा फ्लॅट सुचवला जातो, कुणी अलिबागचं नाव काढतं. कॉन्ट्री ठरते, स्टॉक कोण आणणार यावर चर्चा रंगते. जेवणाचं काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. कधी कधी येतच नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण दारूला हातही लावत नसतील. काही जण ग्लासात कोक ओतून सगळ्यांबरोबर बसत असतील. काही जणांची ही पहिलीच वेळ असेल, तर काही जण आता ‘सीनियर’ झाले असतील. हा लेख या सगळ्यांसाठी आहे. ‘दारू वाईट’ हे वाक्य तुम्ही शाळेतल्या निबंधापासून ऐकताय, तेच पुन्हा ऐकवायचं नाही. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी २१ आणि बाकीच्या दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे कॉलेजमधले बहुतेक जण या पार्ट्या कायद्याबाहेर जाऊनच करतात, हेही तुम्हाला माहीत आहे. इथे बोलायचंय ते एकाच बैठकीत खूप ढोसण्याबद्दल, ज्याला ‘बिंज ड्रिंकिंग’ म्हणतात. आणि त्याहून जास्त, अशा रात्री शेजारी बसलेल्या मित्र-मैत्रिणींबद्दल.

कारण साधं आहे. बिंज ड्रिंकिंग सहसा एकट्याने होत नाही. पैज लावायला कुणीतरी लागतं, ‘बॉटम्स अप’ ओरडायला कुणीतरी लागतं, रील काढायला कुणीतरी लागतं. जे ग्रुपमुळे घडतं, ते थांबवायची सगळ्यात जास्त ताकदही ग्रुपकडेच असते.

किती म्हणजे ‘खूप’?

‘मी लिमिटमध्ये पितो’ असं प्रत्येक जण म्हणतो. ती लिमिट नेमकी किती, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. चला, आपण मोजू.

जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात जाण्याला अतिमद्यपान मानते. आता हे ग्रॅम आपल्या भाषेत आणू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबाने ३० मिलीच्या एका स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, लार्जमध्ये २०. म्हणजे १८० मिलीची एक क्वार्टर संपली की झाले ६० ग्रॅम. ‘फक्त एक क्वार्टर तर घेतली’ असं आपण म्हणतो, ती बरोबर त्या रेषेवरच उभी असते.

‘मी दारू नाही, बीअरच पितो’ हा आणखी एक आवडता डायलॉग. आठ टक्केवाल्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार स्मॉल पेग. दीड बाटलीत ती रेषा येते.

अमेरिकेतली अल्कोहोलविषयक संशोधन संस्था वेळही हिशेबात धरते. त्यांच्या मोजमापाने साधारण दोन तासांत पुरुषाने पाच किंवा स्त्रीने चार ‘ड्रिंक्स’ घेतली की ते बिंज. मुलींसाठी आकडा कमी का? त्यामागे शरीररचना आहे. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू घेतली तरी रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण जास्त चढतं. तेव्हा ‘मुलांच्या बरोबरीने’ पिऊन दाखवायच्या पैजेत शरीर बरोबरीने खेळतच नसतं.

आणि ६० ग्रॅमच्या खाली सगळं आलबेल, असाही याचा अर्थ नाही. आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं. पण एकाच रात्री जीव जाण्याचा धोका वाढतो, तो या रेषेच्या पुढे.

आत काय चाललेलं असतं?

आपलं लिव्हर दारूच्या बाबतीत सरकारी ऑफिससारखं आहे. बाहेर कितीही रांग लागली, तरी आत काम ठरलेल्या वेगानेच होतं. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम, म्हणजे फार तर एक स्मॉल पेग. लिंबूपाणी पाजा, कडक कॉफी द्या, गार पाण्याखाली उभं करा, हा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडेल, दारू उतरणार नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून प्यायलं तर उलटंच होतं. आतल्या कॅफिनमुळे सुस्ती जाणवत नाही, आपण ठीक आहोत असं वाटतं आणि आणखी ढोसलं जातं.

क्वार्टरचं अल्कोहोल शरीरातून पूर्ण निघायला सहा ते नऊ तास लागतात. रात्री एकला ती संपवली असेल, तर सकाळी सातला बाइकला किक मारतानाही दारू रक्तात असू शकते. आणि कायद्याने गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. ही मर्यादा एका लार्ज पेगमध्येही ओलांडली जाऊ शकते. पहिल्यांदा पकडले गेलात तर १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

शॉट्सचा घोळ वेगळाच. दारू पोटात गेल्यावर तिचा पूर्ण परिणाम मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. पहिला शॉट घेतला, काहीच झालं नाही, म्हणून दुसरा. तरी काही नाही, म्हणून तिसरा, चौथा. मग वीस-पंचवीस मिनिटांनी चारही एकदम ‘लागतात’. पोट रिकामं असेल तर आणखी लवकर. म्हणूनच पिणं थांबवल्यानंतरही रक्तातलं प्रमाण काही काळ वाढत राहतं. आत्ता हसत-खेळत आडवा झालेला मित्र अर्ध्या तासाने जास्त वाईट अवस्थेत असू शकतो, हे लक्षात ठेवा.

‘काल काय झालं, मला काहीच आठवत नाही यार’ हा दुसऱ्या दिवशीच्या कँटीनमधला हिट जोक. त्याला ‘ब्लॅकआउट’ म्हणतात. त्या वेळात माणूस चालत असतो, बोलत असतो, कधी कधी गाडीही चालवत असतो, पण मेंदूतलं आठवणी साठवायचं काम बंद पडलेलं असतं. या वयात मेंदूची जडणघडण अजून सुरूच असते, निर्णय घेणारा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. त्याच भागावर दारू सगळ्यात आधी हात मारते. म्हणून एरवी शहाणा असलेला मुलगा त्या रात्री गच्चीच्या कठड्यावर चढतो, धरणाच्या पाण्यात उडी टाकतो किंवा नको त्या व्यक्तीला नको ते मेसेज पाठवतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. शुद्धीत नसलेल्या मुलीचा किंवा मुलाचा ‘होकार’ हा होकार नसतो. कायदाही तो मानत नाही. ग्रुपमधल्या कुणाला कुणी एकटं बाजूला नेत असेल, तर मध्ये पडा. ‘त्यांचं ते बघतील’ म्हणून सोडून देऊ नका.

बारा तास

आता एक खरी घटना. फेब्रुवारी २०१७, अमेरिकेतलं पेन स्टेट विद्यापीठ. तिथे मुलांच्या ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या संघटना असतात. नव्या सभासदांच्या स्वागताची रात्र होती. आपल्याकडच्या फ्रेशर्स पार्टीचंच जास्त उग्र रूप म्हणा. १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला दीड तासाच्या आत अठरा ड्रिंक्स पाजण्यात आली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. बाकीच्या मुलांनी त्याला उचलून सोफ्यावर ठेवलं. उताणा होऊ नये म्हणून त्याच्या पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक बांधली. हे सगळं तिथल्या कॅमेऱ्यांत रेकॉर्ड झालं.

रेकॉर्डिंगमधून आणि तपासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. त्यांच्यातल्याच एका नव्या मुलाने ‘याला हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं’ असं सांगितलं होतं. त्याला बाजूला ढकलण्यात आलं. अॅम्ब्युलन्सला फोन झाला तो पडल्यानंतर जवळजवळ बारा तासांनी. दोन दिवसांत तो विद्यार्थी गेला.

त्या घरात त्याचं वाईट व्हावं असं कुणाला वाटत होतं का? पाठीला सॅक बांधणाऱ्यांनाही त्याची काळजीच होती. पण मुलांनी मनात एक वाक्य पक्कं केलं होतं, ‘झोपू दे, सकाळी उतरेल.’ हे वाक्य आपल्या हॉस्टेलांत, पीजींमध्ये, फार्महाउसवर दर शनिवारी म्हटलं जातं. नव्याण्णव वेळा ते खरं ठरतं, म्हणून शंभराव्या वेळीही त्यावर विश्वास ठेवला जातो.

दारू खूप झाली की घशाची संरक्षक प्रतिक्रिया मंदावते. आपण शुद्धीत असलो की उलटी बाहेर टाकतो किंवा खोकतो. बेशुद्ध माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि तो गुदमरतो. श्वास चालू ठेवणारं मेंदूतलं केंद्रही मंद होतं. रक्तातली साखर घसरते, शरीर गार पडतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र तो गाढ झोपलेलाच दिसतो.

चौकट : झोप की धोका?

ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका. सगळी दिसायची गरज नाही, एक पुरे.
• हाक मारून, हलवून, चिमटा काढूनही जाग येत नाही.
• श्वास फार संथ आहे, मिनिटाला आठपेक्षा कमी. किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड पडतोय.
• अंग गार आणि चिकट लागतंय. ओठ, नखं निळसर किंवा पांढुरकी पडलीत.
• झोपेतच उलटी होतेय.
• झटके येतायत.
• पडताना डोक्याला मार लागलाय. मग तो कितीही ‘नॉर्मल’ बोलत असला तरी.

काय करायचं?
• १०८ किंवा ११२ ला फोन. काय प्यायलाय, किती, किती वाजल्यापासून आणि त्याबरोबर काही गोळ्या घेतल्यात का, हे खरं खरं सांगा.
• त्याला कुशीवर वळवा. वरचा पाय गुडघ्यात दुमडा, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी बाहेर पडेल.
• एक जण शेजारी बसून राहा. ‘मध्ये मध्ये चेक करतो’ चालणार नाही.
• मुद्दाम उलटी करायला लावू नका. कॉफी, दही, लिंबू, झोपेची किंवा डोकेदुखीची गोळी, काहीही देऊ नका. गार पाण्याने आंघोळ घालू नका.

‘सरांना कळलं तर?’

हे सगळं माहीत असूनही फोन होत नाही, कारण भीती वाटते. वॉर्डनला कळेल, हॉस्टेलमधून काढतील, घरी फोन जाईल, पोलिस येतील. फ्लॅट ज्याच्या नावावर आहे त्याला घरमालक काकांची भीती. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उत्तर आहे, आणि ते काही ठिकाणी वापरूनही झालंय.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये एक नियम केला. दारूमुळे कुणाची तब्येत बिघडली आणि मदतीसाठी फोन केला, तर फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यावर पिण्याबद्दल शिस्तभंगाची नेहमीची कारवाई होणार नाही. त्या विद्यार्थ्याचं नंतर समुपदेशन मात्र होणार. त्यानंतर मदतीसाठी येणारे फोन वाढले. पुढे अमेरिकेत कितीतरी विद्यापीठांनी असे नियम केले. पेन स्टेटच्या घटनेनंतर पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये असल्या ‘स्वागता’विरुद्ध कडक कायदा केला. त्यातही मदतीला धावणाऱ्याला संरक्षण देण्यात आलं.

आपल्या कॉलेजांत अँटी-रॅगिंगचे बोर्ड गेटपाशीच लागलेले असतात. त्याच बोर्डावर ‘मित्राची तब्येत बिघडली तर आधी फोन करा, बाकीचं नंतर बघू’ एवढी एक ओळ का असू नये? स्टुडंट कौन्सिलने, एनएसएसच्या युनिटने किंवा हॉस्टेलच्या सीआरने प्राचार्यांकडे मागावी अशी ही गोष्ट आहे. ‘आम्हाला पिऊ द्या’ असं यात कुणी मागत नाहीये. जीव वाचवणाऱ्याला शिक्षा होऊ नये, इतकंच. प्राचार्य ‘नाही’ म्हणाले, तरी निदान चर्चा सुरू होईल.

सगळ्यांनाच आवडतंय असं वाटतं

आता ज्याच्या हातात कोकचा ग्लास आहे, त्याच्याबद्दल. त्याला वाटतं, इथे मी एकटाच बोअर आहे. बाकी सगळे मजेत आहेत. म्हणून कुणी ‘घे ना रे, एकाने काय होतंय’ म्हटलं की तो घेतो.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये नेमकं यावरच संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले. कॅम्पसवर ज्या पद्धतीने दारू प्यायली जाते, ती तुला स्वतःला कितपत पटते? आणि इथल्या सरासरी विद्यार्थ्याला ती कितपत पटत असेल? बहुतेकांची उत्तरं एकाच धर्तीची होती. मला तितकंसं पटत नाही, पण बाकीच्यांना पटतं. म्हणजे मनातून अस्वस्थ असलेली मुलं एकमेकांकडे बघून ‘यांना चालतंय’ असा अंदाज बांधत होती आणि गप्प बसत होती. गंमत म्हणजे एका सहामाहीत मुलग्यांची स्वतःची मतंही त्या समजुतीकडे सरकली. जे कुणालाच फारसं नको होतं, ते सगळ्यांचं झालं.

तुमचा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. पाच जणांपैकी तिघांना साधं बिर्याणी खाऊन, गाणी लावून, गच्चीवर गप्पा मारून थर्टी फर्स्ट करायचा असेल. पण तिघंही एकमेकांची वाट बघतायत. एकाने ‘यार, मला नाही प्यायचं’ म्हटलं, तर दुसऱ्याला ‘मलाही’ म्हणणं सोपं जातं. पहिला आवाज अवघड असतो, दुसरा नाही.

पुण्यातली ती पहाट

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने बाइकला उडवलं. बाइकवरचे दोन तरुण इंजिनीअर गेले. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही चोविशीतले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये दारू प्यायला होता, असा पोलिसांचा आरोप. ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, हे सगळं तुम्ही वाचलंय, त्यावरचे मीम्सही बघितलेत.

निबंधावर आपण खूप बोललो. पण त्या रात्रीची साखळी एकदा बघा. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी येते. त्याला पबच्या दारात कुणी वय विचारत नाही. टेबलावर दारू येते. सोबतचे मित्र त्याच गाडीत बसतात. आरोप खरे धरले, तर घरच्यांपासून मित्रांपर्यंत कितीतरी जणांना त्या रात्री ‘थांब’ म्हणायची संधी होती. यातल्या कुणा एकाने ती घेतली असती तरी पुरलं असतं.

समाजाने रोखायचं म्हणजे हेच. प्रत्येक टप्प्यावर एक माणूस. दारात वय विचारणारा बाउन्सर, चावी काढून घेणारी मैत्रीण, ‘दादा, मी कॅब बोलावतो, गाडी इथेच राहू दे’ म्हणणारा वॉचमन.

एका देशाने करून दाखवलं

‘पोरं पिणारच, कोण अडवणार?’ असं म्हणणाऱ्यांसाठी आइसलँडचं उदाहरण आहे. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्याभरात दारू पिऊन टल्ली झाली होती. २०१६ मध्ये हेच प्रमाण ५ टक्क्यांवर आलं.

त्यांनी नेमकं काय केलं? आधी शाळाशाळांत सर्वेक्षण करून मुलांना विचारलं, घरच्यांबरोबर किती वेळ असता, संध्याकाळी काय करता, किती पिता. मग खेळ, संगीत, नृत्य, चित्रकलेचे क्लब वाढवले आणि त्यांच्या फीसाठी पैसेही दिले. पालकांनी आपसांत करार केले की लहान मुलांना पार्टीत दारू देणार नाही आणि एकमेकांच्या मुलांकडेही लक्ष ठेवू. लहान मुलांना रात्री ठरावीक वेळेनंतर एकट्याने बाहेर राहायला बंदी आली. दारूच्या जाहिरातींवरही बंदी. यातली एकही गोष्ट एकटी पुरेशी नव्हती, सगळं मिळून फरक पडला.

ती शाळकरी मुलं होती आणि देशही आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढा, हे खरं. पण कल्पना उचलण्यासारखी आहे. रिकामी संध्याकाळ आणि हाताशी बाटली, यातली संध्याकाळ आधी भरायची.

आपल्याकडे काय चालतं?

आपल्याकडेही लोकांनी एकत्र येऊन दारूला तोंड दिल्याची परंपरा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकारातून आणि गावोगावच्या लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं, हा नियम वापरून राज्यात कितीतरी बायकांनी दुकानं बंद पाडली. दुसरीकडे चंद्रपूरमध्ये २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बेकायदा दारूचा सुळसुळाट हे त्यामागचं एक मोठं कारण सांगितलं गेलं. वरून आलेली बंदी खालच्या लोकांनी रोज सांभाळावी लागते, हे त्यातून दिसतं.

तुमच्या वयाची मुलंही यात आहेत. ३१ डिसेंबरच्या रात्री किल्ल्यांवर दारूपार्ट्या होऊ नयेत म्हणून दर वर्षी अनेक दुर्गप्रेमी तरुण गडांवर पहारा देतात. थंडीत शेकोटी, सोबत नेलेली भाकरी-पिठलं आणि पहाटेचा सूर्योदय. त्यांचाही थर्टी फर्स्टच होतो. व्यसनमुक्तीचे कार्यकर्ते ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत चौकाचौकात मसाला दूध वाटतात. तुम्हाला हसू येईल कदाचित. पण लोक ज्या वेळी पितात, नेमक्या त्याच वेळी दुसरं काहीतरी हातात द्यायचं, ही युक्ती आइसलँडवाल्यांसारखीच आहे.

तुमच्या ग्रुपसाठी

तुमचा ग्रुप काय करू शकतो? थोडक्यात सांगायचं तर प्लॅनमध्ये काही गोष्टी आधीच ठरवा, रात्री बाराला ठरवणं जमत नाही.

पार्टीत एक जण अजिबात न पिणारा हवा. त्याचं काम फक्त गाडीचं नाही, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. दर वेळी तोच बकरा नको, पाळी लावा. त्या दिवशी त्याची कॉन्ट्री माफ.

जेवण आधी मागवा, मधे नको आणि ‘नंतर बघू’ तर अजिबात नको. टेबलावर पाण्याचा जग ठेवा. शॉट्सच्या पैजा, ‘नेव्हर हॅव आय एव्हर’सारखे पिण्याचे खेळ आणि ‘नीट मारून दाखव’ची आव्हानं बाद. गाण्याच्या भेंड्या अजून चालतात, विश्वास ठेवा.

नको म्हणणाऱ्याला एकदाच विचारा. दुसऱ्यांदा विचारलं की तो आग्रह, तिसऱ्यांदा विचारलं की दमदाटी. ज्युनियर मुलांच्या बाबतीत तर हे पहिल्यांदाच दमदाटी ठरू शकतं, कारण त्यांना सीनियर दादाला ‘नाही’ म्हणता येत नाही.

गाड्यांच्या चाव्या एका डब्यात, डबा न पिणाऱ्याकडे. पोहण्याचा तलाव, समुद्र, धरण आणि गच्चीचा कठडा रात्री सगळ्यांसाठी बंद. आणि कुणी आउट झालं की त्याचे व्हिडिओ काढत बसू नका. फोनचा उपयोग १०८ साठी करा.

एखादा मित्र दर वीकेंडला असाच लोळतोय, एकटा प्यायला लागलाय, त्यासाठी उधार मागतोय, लेक्चर्स बुडवतोय, असं दिसत असेल, तर ते शनिवारी रात्री बोलू नका. मंगळवारी दुपारी, तो पूर्ण शुद्धीत असताना, दोघंच असताना बोला. ‘तू दारुडा झालायस’ म्हणू नका. ‘मला तुझी काळजी वाटते, त्या दिवशी तुला जाग येत नव्हती, मी घाबरलो होतो’ असं बोला. तो चिडेल. आठवड्याने परत बोला. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनेक शहरांत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंग होतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, आणि मनावर ताण असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. फोन तो स्वतःच करेल असं नाही, तुम्ही करूनही विचारू शकता.

आज ग्रुपवर थर्टी फर्स्टचा प्लॅन टाकताना त्याखाली तीन ओळी वाढवा. न पिणारा कोण, चाव्या कुणाकडे, आणि जवळचं चोवीस तास चालू असणारं हॉस्पिटल कुठलं. कुणी ‘काय रे, आजोबा झालास का’ म्हणून हसणारा इमोजी टाकेल. टाकू दे. त्याच ग्रुपमध्ये आणखी दोघं तरी असतील, ज्यांना हे वाचून जरा बरं वाटेल.